काचकोठीतली आई

आमची आई गेली तेव्हा तिचं वजन बावन्न किलो होतं आणि त्यात कार्बन होता साधारण साडेनऊ किलो. आपल्या आईबद्दल असं वाक्य कुठल्या मुलीने लिहू नये, हे मला कळतं. पण माझा पेशाच तो आहे. रोहाणीच्या वृक्षोद्यानात मी गेलेल्या माणसांची झाडं वाढवते, आणि त्यासाठी सर्वांत आधी हे गणित मांडावं लागतं. आईचं गणित मीच मांडलं. दुसऱ्या कोणी मांडलेलं मला चाललं नसतं.

रोहाणी हिमाचलात आहे, देवदारांच्या उंचीवर. हिवाळ्यात इथे नळातलं पाणी गोठतं आणि पाहुणे येणं बंद होतं, त्यामुळे हिवाळा मला आवडतो. बाकीचे आठ महिने नातेवाइकांची रीघ लागलेली असते आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "पण यात ते नक्की आहेत ना?"

आहेत. कसे ते सांगते.

झाड मातीतून तयार होतं असं आपल्याला उगाच वाटतं. माती देते पाणी आणि चिमूटभर क्षार. खोड, फांद्या, पानं हा सगळा पसारा झाड हवेतून उभा करतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. म्हणून कुणाची राख झाडाच्या मुळाशी पुरली तरी तो माणूस झाडात जात नाही. तो आधीच चिमणीतून निघून गेलेला असतो. ही साधी गोष्ट ध्यानात घेऊन काही इंजिनिअर मंडळींनी विद्युतदाहिनीच्या चिमणीलाच नळी जोडली. विजेवरच्या दाहिनीत लाकूड नसतं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वायूत जो कार्बन असतो तो त्या माणसाचाच. तो वायू गाळायचा, दाबायचा, द्रवरूप करायचा. एका माणसाचा एक सिलिंडर होतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरपेक्षा थोडा उंच.

मग एक बंद काचेची खोली. सरकारी कागदांवर तिचं नाव लांबलचक आहे, आम्ही तिला काचकोठी म्हणतो. कोठीत एक रोप ठेवतात आणि बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड गाळून मगच ती हवा आत सोडतात. म्हणजे रोपाला खायला काहीच उरत नाही, सिलिंडर सोडून. कोठीत एक संवेदक असतो. रोपाने खाल्लं आणि आतलं प्रमाण घटलं, की सिलिंडरची झडप टक् करून उघडते, एक घोट आत सोडते आणि मिटते. दिवसभर टक्, टक्. उन्हाच्या दिवशी आमच्या कोठ्यांच्या रांगेतून चालत गेलं की घड्याळाच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. तीन उन्हाळ्यांत सिलिंडर रिकामा होतो. माणूस झाडात गेलेला असतो.

झाड म्हणून आम्ही डॉन रेडवूड वापरतो. ही जात एके काळी फक्त दगडातल्या ठशांवरून माहीत होती, लाखो वर्षांपूर्वी संपली असं सगळे धरून चालले होते. मग गेल्या शतकात चीनच्या एका खोऱ्यात ती जिवंत उभी सापडली. पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडते, मेलेलं परत आल्याची. आमची कारणं रुक्ष आहेत. हे झाड झपाट्याने वाढतं, फांदीच्या तुकड्यापासून सहज होतं, आणि सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळी पानं टाकून गाढ झोपतं. झोपेत असतानाच त्याला कोठीतून काढून बाहेर जमिनीत लावता येतं. त्याला खरा हिवाळा लागतो, म्हणून हा उद्योग महाबळेश्वरात न चालता इथे चालतो. पहिल्या पानगळीला निम्मे नातेवाईक फोन करून रडतात, झाड मेलं म्हणून. मेलेलं नसतं. गळलेली पानं आम्ही कोठीतच कुजू देतो, त्यांचाही वायू होतो आणि तोही झाडच खातं. वाया काही जात नाही.

आईला असं ठेवायचं हे आमच्या वडिलांनी, आप्पांनी ठरवलं. आम्ही मूळ कराडचे. दोन नद्या घराजवळ, त्यामुळे धाकटा भाऊ निनाद संगमावरच अस्थी सोडायच्या म्हणून बसला होता. आप्पा म्हणाले, "शैलाला पाण्याची भीती वाटायची. ती घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरली नाही. तिला मी पाण्यात टाकणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मृणाल, तुझ्याकडे थंडी फार असते का गं?"

"झाडाला चांगली असते, आप्पा."

"शालीची सवय आहे तिला," असं म्हणून ते आत गेले.

पहिली दोन वर्षं आप्पा कराडलाच राहिले. दर रविवारी फोन. "कुठपर्यंत आली?" हा पहिला प्रश्न. गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली. आईची उंची ओलांडली त्या रविवारी त्यांनी आकडा पुन्हा विचारला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या हृदयाने एक झटका दिला, जिने चढणं बंद झालं, आणि एप्रिलमध्ये मी त्यांना इकडे घेऊन आले. आप्पांचं वय ब्याऐंशी, सोबत एक बॅग, दोन कानटोप्या.

आप्पांचा दिवस आयुष्यभर एकाच गोष्टीने सुरू झाला. सकाळी आई पोळ्या लाटायची आणि आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर स्टूल टाकून तिला पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, मंत्र्यांच्या नकला करत, संपादकांना शिव्या घालत. आई फक्त "हं" म्हणायची. एखाद्या बातमीला "हं" आला नाही तर आप्पा ती पुन्हा वाचायचे. पुढे कागदी पेपर बंद झाले, पाटीवर, म्हणजे टॅबवर, वाचायची वेळ आली, तरी स्टूल आणि उंबरा तोच. तेव्हा रोहाणीला आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते पाटी काखेत मारून कोठीच्या दारात उभे राहिले, यात नवल काहीच नव्हतं.

आत जायला परवानगी असते, मास्क लावून. माणूस श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइडच असतो, म्हणून मास्कची नळी दाराशेजारच्या छिद्राला जोडायची, म्हणजे सोडलेला श्वास थेट बाहेर जातो. आमचे माळी तसेच आत जाऊन पाणी घालतात, कीड बघतात. आमच्या नेगींनी, कोठ्यांची देखभाल तेच करतात, आप्पांना सगळं दोनदा समजावलं. नेगींना आप्पांबद्दल फार आदर. आप्पा त्यांच्याशी कराडी हिंदी बोलायचे आणि नेगी ती न हसता ऐकून घ्यायचे.

"किती वेळ बसू देशील?" आप्पांनी मला विचारलं.

"मास्क लावून बसा हवं तेवढं."

ते रोज दोन तास बसू लागले. आत दमट असल्याने काचेवर बाष्प धरायचं, बाहेरून हिरवं काहीतरी आणि त्याच्या पायाशी तपकिरी स्वेटर एवढंच दिसायचं. दोन तासांनी बाहेर यायचे ते मास्क नीट लावून, चेहऱ्यावर तेज. दुपारी जेवायचे पोटभर. संध्याकाळी नेगींच्या नातवंडांना मंत्र्यांच्या नकला करून दाखवायचे. त्या उन्हाळ्यात झाडाने अशी उसळी मारली की शेंडा कोठीच्या छताला टेकला. मी मनात म्हटलं, आप्पा आले, दोघंही सुधारली. शास्त्रज्ञ बाईने असला विचार करू नये, पण केला खरा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानं तांबूस व्हायला लागतात. त्या आठवड्यात तिसरं वर्ष संपलेल्या सिलिंडरांचं वजन आम्ही स्वतः उभं राहून बघतो. द्रवरूप वायूचा दाब शेवटपर्यंत सारखाच राहतो, त्यामुळे किती उरलाय हे वजनावरूनच कळतं. आईचा सिलिंडर रिकामा असायला हवा होता. काटा बघून मी नेगींना म्हटलं, "हा दुसऱ्या कुणाचा आणलात."

नेगींनी सिलिंडरवरचं नाव माझ्यासमोर धरलं. शैलजा अरविंद पाटणकर.

त्यात अजून जवळजवळ निम्मा वायू होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात झाड सर्वांत जास्त वाढतं. म्हणून निम्मी आई तिसऱ्या उन्हाळ्यासाठीच राखून ठेवलेली होती, आणि ती सगळीच्या सगळी तशीच होती. सिलिंडर भराभर संपायला लागला तर आमच्याकडे घंटा वाजते, कारण मग कुठेतरी गळती असते. संपतच नाही म्हणून घंटा बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. असं कधी होईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

झडप अडकली असेल म्हणून तपासली, ठणठणीत होती. बाहेरची हवा शिरते का बघितलं, नव्हती शिरत. पण झाड तर छताला टेकलेलं. त्याने पोट कशाने भरलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठ्यांच्या रांगेत गेले. ऊन छान पडलं होतं. डावीकडची कोठी टक् म्हणाली, उजवीकडची टक् म्हणाली, आईची कोठी गप्प. मी झडपेला कान लावून उभी राहिले. काही नाही. मग आतून आवाज आला, काचेतून आल्यामुळे बोदा, पण ओळखीचा. बातमी कुठल्या तरी धरणाची होती आणि आप्पा मंत्र्याचं बोलणं नाकातून करत होते.

मास्क लावून नाकातून बोलता येत नाही.

मी दाराच्या बाजूच्या काचेखाली बसले, तिथे बाष्प कमी धरतं. आप्पा स्टुलावर बसले होते. मास्क गळ्यात लोंबत होता. एक बातमी संपली की ते थांबायचे, वर फांद्यांकडे बघायचे, मान हलवायचे आणि पुढची वाचायचे. काही बातम्या त्यांनी दोनदा वाचल्या. इतक्या सुखात मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. बिचारी झडप दोन तास मिटून बसली होती, कारण तिला सांगितलेलं काम एवढंच: आतलं प्रमाण घटलं तरच उघड. आप्पा समोर बसून तोंडभर बोलत असताना ते घटणार कसं? झडपेला पोट भरलंय एवढं कळतं, कुणी भरवलं ते कळत नाही. वर ते निघून गेल्यावरही दोन तासांचा साचलेला श्वास झाडाला दिवस मावळेपर्यंत पुरायचा.

ते बाहेर आले तेव्हा मास्क व्यवस्थित लावलेला होता.

"आप्पा, आत मास्क काढता तुम्ही?"

चोरी पकडलेल्या पोरासारखे ते आधी इकडेतिकडे बघू लागले, मग चिडले. "मग काय करू? बायकोशी बोलताना तोंडाला डबा लावून बसू? नेगीला सांग, त्या नळीतून आवाज असा येतो की मलाच माझी ओळख पटत नाही. ती काय ओळखणार?"

घरी आलो, चहा केला, आणि मग सांगितलं. सोपं करून सांगितलं, पाहुण्यांना सांगते तसं. माणूस दोन तासांत किती कार्बन सोडतो, एप्रिल ते ऑक्टोबर मिळून तो किती होतो, आणि तेवढाच आईचा सिलिंडरमध्ये कसा राहून गेला. आप्पा शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, वजाबाकी त्यांना माझ्याआधी आली.

"म्हणजे या वर्षी वाढलं ते झाड..."

"तुम्ही आहात, आप्पा."

"आणि ती?"

"ती बाहेर राहिली. सिलिंडरमध्ये."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी रोज तिच्याजवळ बसत होतो," ते म्हणाले. "ती आत येणार होती, आणि मी दारात बसून होतो. रोज. पेपर वाचत."

मला रडू आवरलं नाही. मी त्यांना म्हटलं की तुम्हाला माहीत नव्हतं, की प्रेमाने केलंत, की झाडात निम्मे तुम्ही आणि निम्मी ती हे काय वाईट आहे, लोक तर तसं मागून घेतील. सगळं खरं होतं आणि काहीच उपयोगाचं नव्हतं. आप्पा उठून खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

रात्री निनादचा फोन आला. मी त्याला कळवलं होतं, कळवायला नको होतं. "तुला पहिल्यापासून सांगत होतो, संगमावर सोडू," तो ओरडला. "आता आई निम्मी झाडात आणि निम्मी टाकीत! आणि तुमच्या त्या उद्यानात एक माणूस नाही ज्याला दिसलं की म्हातारा मास्क काढून बसतोय?" मग आवाज उतरला. "आप्पा कसे आहेत?"

"जेवले नाहीत."

"त्यांना दे फोन. नको, नको देऊ. काय बोलू मी?" आणि त्याने फोन ठेवला.

आता प्रश्न होता तो उरलेल्या आईचा. झाड छताला टेकलेलं, पुढच्या वसंताआधी त्याला बाहेर काढणं भाग होतं. आणखी एक उन्हाळा आत ठेवायचं तर शेंडा छाटावा लागणार होता. नेगींनी हा उपाय सुचवल्यावर आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं की नेगींनी पुन्हा विषय काढला नाही. दुसरा मार्ग, सिलिंडर बाहेर नेऊन उघडायचा आणि उरलेला वायू सोडून द्यायचा. काही लोक तसं करतात, डोंगराच्या कड्यावर जाऊन. तिसरा मार्ग, त्याच झाडाची खालची, आप्पा येण्याआधीची फांदी तोडून नवं रोप करायचं, नव्या कोठीत ठेवायचं आणि पुन्हा तीन उन्हाळे.

"तीन," आप्पा म्हणाले.

"रोप लहान असतं ना. हळूहळूच खातं."

डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"त्यात फक्त ती असेल?"

"फक्त ती. कोणी मास्क काढला नाही तर."

ते खिडकीतून बघू लागले. बाहेर कोठ्यांमागच्या उतारावर आधीच्या माणसांची झाडं उभी होती, तांबूस झालेली. "मग तेच कर," ते म्हणाले. "आणि माझं कराडचं तिकीट काढ."

"आप्पा, तुम्ही कशाला जाता? मास्क लावून आत बसा. नाहीतर काचेबाहेर खुर्ची टाकते, तिथून वाचा."

"मास्क मी काढणार. आज शपथ घेईन, महिनाभर पाळीन आणि एखाद्या दिवशी बातमी अशी येईल की काढीन. मला माझं माहीत आहे. आणि काचेबाहेरून काय वाचू? ओरडून?" ते थोडं हसले. "इतकी वर्षं तिच्यावर आवाज चढवला नाही, आता चढवू?"

"मग मोठ्या झाडाजवळ बसा. ते तर बाहेरच लावणार आहोत. तिथे कितीही बोला."

"तिथे कोण आहे? निम्मा मीच. स्वतःलाच पेपर वाचून दाखवू?"

मी विचारलं, फार धीर करून, की त्यांच्या वेळी काय करायचं, शेजारी तिसरं झाड लावू का.

"छे. मला साधं जाळा," आप्पा म्हणाले. "मी माझ्या हाताने स्वतःला लावून बसलोय, तेही तिच्या जागेवर. आणखी कशाला?"

जानेवारीत, सगळं गोठलेलं असताना, आम्ही मोठं झाड बाहेर लावलं. पानं गळून नुसता सांगाडा उरला होता. तांबूस साल, सरळसोट खोड आणि दोन्ही बाजूंना नुसत्या काटक्या. आप्पा दोन्ही कानटोप्या एकावर एक घालून उभे होते. नेगींनी खड्डा भरला, माती दाबली आणि रिवाजाप्रमाणे घरच्या माणसाला पहिलं पाणी घालायला सांगितलं. आप्पांनी तांब्या माझ्या हातात दिला. "तू घाल. स्वतःला पाणी घालायला बरं नाही वाटत."

मी घातलं. ते पाणी मातीत मुरायच्या आतच वरच्या वर गोठू लागलं.

पानगळीच्या आधी तोडलेल्या फांदीला हिवाळाभर उबेच्या खोलीत मुळं फुटली होती. ते रोप मार्चअखेर नव्या कोठीत गेलं. वीतभर उंचीचं, पिसासारखी पोपटी पानं फुटलेलं. आईचा सिलिंडर त्याला जोडला. कोठी नवी असल्याने काचा स्वच्छ होत्या, आतलं सगळं दिसत होतं. शेजारच्या पडद्यावर आतल्या हवेची रेघ सरळ चालली होती. आप्पांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. निनाद त्यांना न्यायला चंडीगढपर्यंत येणार होता, फोनवर त्याने एवढंच म्हटलं होतं, "मी वाचून दाखवीन त्यांना, सकाळी."

त्या आठवड्यात आप्पा अंगणात बसून काहीतरी विचित्र करत होते. गाल फुगवायचे, डोळे वटारायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग फुस्सकन हवा सोडून खोकत राहायचे. मला वाटलं, डॉक्टरांनी कसला व्यायाम सांगितला असेल.

निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्यासोबत कोठीपाशी आले. "एकदा आत जाऊ दे," ते म्हणाले. "मास्क नको."

"आप्पा!"

"श्वास धरतो. तालीम केली आहे. आत जायचं, हात लावायचा, बाहेर. एक श्वास सांडणार नाही." आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "मास्क लावून मी तिला भेटलो नाही कधी, मृणाल. निरोपही तसा घेणार नाही."

नेगींनी माझ्याकडे बघितलं. नियम नेगींना माझ्यापेक्षा पक्के पाठ होते. त्यांनी मान खाली घालून मधल्या खोलीचं दार उघडलं. त्या खोलीत कपड्यांसोबत आलेली बाहेरची हवा धुऊन काढतात. आप्पा तिथे उभे राहिले, वाऱ्याने त्यांचे चार पांढरे केस उडाले. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले आणि आतलं दार ढकललं.

मी काचेपाशी उभी होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गाल फुगलेले, कानांपर्यंत लाल झालेला, पावलं भराभर टाकायला बघत होता आणि ती पडत नव्हती. रोप टेबलावर होतं, तिथपर्यंत पोहोचायला त्यांना युगं लागली असं मला वाटलं. ते वाकले. दोन बोटांनी शेंड्याचं पान धरलं, आई झोपलेली असताना तिच्या कपाळावरचे केस सारखे करायचे तसं अलगद. मी मनात म्हणत होते, या आता, पुरे, बाहेर या. ते तसेच वाकून राहिले. मग त्यांचे ओठ हलले. काचेतून ऐकू काही आलं नाही, पण दोनच अक्षरं होती, तिच्या नावाची, ती मला दिसली.

पडद्यावरची रेघ केसभर वर चढली.

ते वळले आणि कसेबसे बाहेर आले. मधल्या खोलीच्या भिंतीला धरून धापा टाकत होते, ओठ निळसर झाले होते. नेगींनी त्यांना धरून स्टुलावर बसवलं, मी पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलता यायला त्यांना वेळ लागला. बोलता आल्यावर त्यांनी मान वर करून आधी पडद्याकडे बघितलं, पण चष्मा घामाने धुरकटला होता.

"हललं का गं काही?"

रेघ अजून खाली आली नव्हती. नेगींनी तोंड फिरवून दाराची कडी लावायला घेतली.

"नाही आप्पा," मी म्हटलं. "सगळी तीच आहे."